सव्वातीन का नाही?

बी.एड.च्या दोन वर्षांत छात्राध्यापकाला, म्हणजे शिक्षक होऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्याला, किती पानं लिहावी लागतात, याचा अंदाज बाहेरच्या माणसाला येत नाही. सूक्ष्म अध्यापनाची टाचणं (पाठांची लेखी आखणी), सेतुपाठ, सरावपाठांची टाचणं, सहाध्यायांच्या पाठांची निरीक्षणं, घटक चाचणी आणि तिचा संविधान तक्ता, कृतिसंशोधन, आंतरवासितेचा, म्हणजे शाळेत राहून केलेल्या सरावाचा, अहवाल, आणि अलीकडे त्यात भर पडलेली चिंतनशील रोजनिशी. मराठवाड्यातल्या कुठल्याही अध्यापक महाविद्यालयात वार्षिक पाठांच्या सुमारास गेलात, तर या फायलींचे गठ्ठे टेबलावर रचलेले दिसतील. गणित पद्धती, म्हणजे गणित कसं शिकवायचं हा विषय, घेतलेल्या मुलामुलींच्या अशा फायली मी बरीच वर्षं तपासतो आहे. त्यांत उद्दिष्टं असतात, स्पष्टीकरणं असतात, शैक्षणिक साधनांच्या याद्या असतात. एक गोष्ट मात्र जवळजवळ कधीच नसते: हे गणित सोडवताना छात्राध्यापकाच्या स्वतःच्या डोक्यात काय चाललं होतं.

माझं म्हणणं असं आहे, की गणिताचा शिक्षक घडवण्यातलं सगळ्यात महत्त्वाचं काम हेच आहे आणि नेमकं हेच आपण करत नाही. चिंतन आपण अभ्यासक्रमात आणलं, पण गणितापासून तोडून आणलं. रोजनिशीत वाक्यं येतात ती अशी: ‘आजचा तास चांगला झाला. विद्यार्थ्यांनी उत्स्फूर्त प्रतिसाद दिला. वेळेचं नियोजन थोडं चुकलं.’ ती खोटी नसतात. पण त्या तासाला लसावि शिकवला की पानिपतची लढाई, हे त्यांवरून ओळखता येत नाही. गणितातलं चिंतन गणितावरच करावं लागतं. पेन्सिल हातात असताना, गाडी अडलेली असताना, किंवा उत्तर नुकतंच हाती आलेलं असताना.

ही कल्पना नवी नाही. अमेरिकेतले तत्त्वज्ञ जॉन ड्यूई यांनी १९१० मध्ये चिंतनशील विचाराची मांडणी केली आणि १९३३ मध्ये ती सुधारून पुन्हा लिहिली. त्यांच्या मते असा विचार सुरू होतो तो संभ्रमातून. रस्त्याला फाटे फुटतात, कुठला धरावा कळत नाही, तिथे माणूस थांबतो. मनात आलेली पहिली सूचना तो लगेच मान्य करत नाही. तिला आधार काय आहे ते बघतो, ती खरी मानली तर पुढे काय होतं ते तपासतो. कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेब आंबेडकर याच ड्यूईंच्या वर्गात बसले होते. उच्च शिक्षणाच्या सोयी अगदी तुटपुंज्या असलेल्या आपल्या या भागात त्यांनी १९५० मध्ये, तेव्हाच्या औरंगाबादेत, जे महाविद्यालय सुरू केलं, ते आज मिलिंद या नावाने ओळखलं जातं. या विचाराशी मराठवाड्याचं नातं जुनं आहे, एवढंच मला त्यातून म्हणायचं आहे.

गणितापुरतं बोलायचं तर हंगेरीत जन्मलेले गणिती जॉर्ज पोल्या यांनी १९४५ मध्ये उदाहरण सोडवण्याचे चार टप्पे सांगितले: प्रश्न समजून घेणं, योजना आखणं, ती पार पाडणं आणि मागे वळून पाहणं. चौथ्या टप्प्याबद्दल त्यांची तक्रार होती, की बऱ्यापैकी हुशार मुलंसुद्धा उत्तर आलं की वही मिटतात आणि दुसऱ्या कामाला लागतात. आपल्या बी.एड.च्या वर्गांत पोल्यांचे चार टप्पे पाठ असतात, परीक्षेत त्यांच्यावर प्रश्न येतो, पाच गुणही मिळतात. पण उत्तर आल्यावर वही मिटायची सवय शाळेतून कॉलेजात आणि कॉलेजातून बी.एड.ला जशीच्या तशी येते. मग ती शिक्षकाबरोबर पुन्हा शाळेत जाते.

एक उदाहरण घेतो, कारण मोघम बोलून या विषयात काही हाती लागत नाही. पावणेदोन भागिले अर्धा. हे गणित मी दरवर्षी गणित पद्धतीच्या वर्गाला देतो. उत्तर मिनिटभरात येतं: सात चतुर्थांश गुणिले दोन, म्हणजे चौदा चतुर्थांश, म्हणजे साडेतीन. कुणाचं चुकत नाही. मग मी म्हणतो, या गणिताला लागू पडेल अशी एक गोष्ट सांगा, पाचवी-सहावीतल्या पोराला कळेल अशी. इथे वर्ग गप्प होतो. पहिला हात वर येतो आणि गोष्ट येते: पावणेदोन भाकरी दोन भावांत निम्मी निम्मी वाटली, प्रत्येकाला किती? गोष्ट ऐकायला बरोबर वाटते, माना हलतात. मग कुणीतरी म्हणतं, ‘पण सर, तसं केलं तर एकाच्या वाट्याला पाऊण आणि वर थोडी येईल. साडेतीन कुठून येणार?’ अर्ध्याने भागणं आणि निम्मं करणं यांची गल्लत झालेली असते. गणिताचे पदवीधर असतात हे, कलनशास्त्राच्या परीक्षा उत्तीर्ण झालेले.

हे फक्त आपल्याकडचं दुखणं नाही. गणित शिक्षणाच्या अभ्यासक लिपिंग मा यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नेमका हाच प्रश्न अमेरिकेतल्या आणि चीनमधल्या प्राथमिक शिक्षकांना विचारला होता. अमेरिकेतल्या २३ शिक्षकांपैकी गणिताला धरून असलेली गोष्ट एकालाच रचता आली. चीनमधल्या ७२ पैकी ६५ जणांना ती जमली. यात माझ्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट पुढची आहे. त्या चिनी शिक्षकांचं औपचारिक शिक्षण अमेरिकन शिक्षकांपेक्षा कमी होतं. त्यांतल्या बहुतेकांच्या हाती पदवीही नव्हती. पण पाठ्यपुस्तकातलं एकेक उदाहरण घेऊन, एकत्र बसून, ‘हे असं का’ यावर बोलत राहण्याची रीत त्यांच्या शाळांमध्ये होती.

आता आपल्या गोष्टीकडे परत येऊ. वर्गात शेवटी कुणीतरी किराणा दुकान आणतं. पावणेदोन किलो साखर, अर्ध्या अर्ध्या किलोच्या पुड्या, किती होतील? आता उत्तर दिसतं. तीन पुड्या भरतात, पाव किलो उरते. आणि इथेच खरा प्रश्न येतो, जो आंतरवासितेत एका छात्राध्यापिकेला सहावीतल्या मुलाने विचारला होता: ‘मॅडम, तीन पुड्या झाल्या आणि पाव उरली. मग सव्वातीन का नाही?’

या प्रश्नावर मी एक अख्खा तास घालवतो आणि तो वाया गेला असं मला कधी वाटलेलं नाही. पोराचं काहीही चुकलेलं नाही. तीन आणि पाव मिळून सव्वातीन, हे त्याचं गणित पक्कं आहे. त्याने फक्त पुड्या आणि किलो एकत्र मिळवलेत. उरलेली पाव ही किलोची पाव आहे, पुडीची नाही. पुडीच्या मापाने मोजली तर ती अर्धी पुडी होते. उत्तर पुड्यांत मागितलं आहे, म्हणून साडेतीन. हे एकदा उमगलं की मी पुढचं विचारतो: पुड्या पाऊण किलोच्या बांधल्या तर? दोन पुड्या होतात, दीड किलो जाते, उरते पुन्हा पाव किलोच. पण आता तीच पाव किलो म्हणजे पुडीचा एक तृतीयांश. उत्तर दोन पूर्णांक एक तृतीयांश. साखर तेवढीच उरली, अपूर्णांक बदलला. या जागी वर्गातल्या चेहऱ्यांवर जे दिसतं त्यासाठी मी हा विषय शिकवतो. ‘उलटा करून गुणा’ हा नियमसुद्धा मग गूढ राहत नाही. एक किलोत अर्ध्या किलोच्या पुड्या दोन, तर पावणेदोन किलोत पावणेदोनच्या दुप्पट. भागायला निघालो आणि दोनाने गुणून आलो, याचं कारण तिथेच समोर पडलेलं असतं. आपल्या आज्या-पणज्यांच्या पिढीत पावकी, निमकी, पाऊणकी, दिडकी, औटकी हे अपूर्णांकांचे पाढे पाठ असायचे, त्यांना हा हिशेब तोंडी येत असे. तो का येतो हे त्यांतल्याही फार थोड्यांना कुणी सांगितलं असेल.

भावी शिक्षकांच्या चिंतनशील विचारावर जे संशोधन झालं आहे, त्यात साधारण तीन पायऱ्या सांगितल्या जातात. आधी प्रतिक्रिया: प्रश्न वाचला, आठवणीतली रीत बाहेर आली. मग तुलना: हे आधी पाहिलेल्या कशासारखं आहे, कुठे वेगळं आहे, माझी रीत इथे का लागू पडते. मग खोल चिंतन: माझं कुठे चुकत होतं, मी काय गृहीत धरलं होतं, यातून पुढे काय बदलायचं. माझ्या अनुभवात बहुतेक छात्राध्यापक पहिल्या पायरीवर थांबतात. हा बुद्धीचा दोष नाही. थांबलं की गुण मिळतात, पुढे गेलं की वेळ जातो, हे त्यांना पहिलीपासून शिकवलं गेलं आहे.

शिक्षकाच्या बाबतीत या तिन्ही पायऱ्यांपुढे आणखी एक वळण असतं, आणि गणितज्ञाला त्याची गरज नसते. त्यासाठी दुसरं उदाहरण. एका शेताच्या चार बाजू ९९ फूट, ६६ फूट, ९९ फूट, ६६ फूट. क्षेत्रफळ किती गुंठे? एक गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, १०८९ चौरस फूट, हे आपल्याकडच्या शेतकऱ्याच्या पोराला सांगावं लागत नाही. वर्ग लगेच म्हणतो, सहा गुंठे. मग मी चार काड्या देतो, दोन लांब दोन आखूड, सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबच्या तुकड्यांनी जोडलेल्या. हातात घेतलं की चौकोन डुलायला लागतो. बाजू त्याच, पण एका बाजूला कलवत नेला की क्षेत्र आक्रसत जातं. कोपरा ३० अंशांचा केला की सहाचे तीन गुंठे होतात. तीन काड्यांचा त्रिकोण मात्र हलत नाही. म्हणजे चौकोनाला एक कर्ण दिला, त्याचे दोन त्रिकोण केले, तरच तो ठाम उभा राहतो. साखळीने शेत मोजणाऱ्या जुन्या मोजणीदाराला हे माहीत होतं. नुसत्या चार बांधांच्या लांबीवर तो क्षेत्र लिहीत नसे.

कन्नडचा घाट उतरून चाळीसगावकडे गेलं की पाटणादेवी लागते. तिथल्या शिलालेखात भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केल्याची नोंद आहे. त्याच भास्कराचार्यांनी लीलावतीत हा मुद्दा फार कडक शब्दांत सांगितला आहे. लंब किंवा कर्ण न देता चौकोनाचं क्षेत्रफळ विचारणाऱ्याला ते पिशाच म्हणतात, आणि उत्तर देणाऱ्याला तर त्याहून मोठं पिशाच. साडेआठशे वर्षांपूर्वीच्या गणित शिक्षकाला विद्यार्थ्याच्या बिनविचारी उत्तराचा एवढा राग येत होता, हे वाचून मला फार धीर येतो.

तर वळण कुठलं? वर्गातली एखादी मुलगी विचारते, ‘सर, कोपरे काटकोनाचे आहेत का?’ हे चिंतन झालं, आणि गणिताच्या विद्यार्थ्यासाठी इतकं पुरेसं आहे. पण ती शिक्षिका होणार आहे. तिने याच्यापुढे जाऊन स्वतःला विचारायला हवं: मी आधी काटकोन का गृहीत धरला? कारण पुस्तकातल्या प्रत्येक आकृतीत समोरासमोरच्या बाजू सारख्या दिल्या की तो आयतच निघाला. मग माझ्या वर्गातली मुलं काय गृहीत धरतील? मी फळ्यावर सगळे चौकोन सरळ, आडवे, नीटनेटके काढले तर त्यांच्या मनात काय बसेल? प्रश्नाकडून स्वतःच्या विचाराकडे आणि स्वतःच्या विचाराकडून मुलाच्या विचाराकडे, असा तो प्रवास आहे. सव्वातीनच्या पोराला उत्तर देणं त्याच छात्राध्यापिकेला जमेल जिने हा रस्ता स्वतः चालून पाहिला आहे. टाचणाच्या रकान्यात ‘अपेक्षित प्रतिसाद’ लिहून ते जमत नाही. तिथे आपण नेहमी बरोबर उत्तरच अपेक्षित धरतो. चुकीचं उत्तर कुठलं येईल आणि का येईल, याला रकानाच नाही.

आता व्यवस्थेकडे पाहू. पहिली ते आठवीचा शिक्षक व्हायचं तर टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, द्यावी लागते: १५० प्रश्न, १५० मिनिटं. नोकरीसाठी अभियोग्यता चाचणी: २०० प्रश्न, १२० मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला ३६ सेकंद. छत्तीस सेकंदांत पहिली सूचना मान्य करायचीच असते. ती लांबवून धरणारा उमेदवार मागे पडतो. २०१२ नंतर शिक्षकभरती वर्षानुवर्षं अडकून राहिली. एकेकाळी तालुक्यातालुक्यात निघालेली डी.एड. महाविद्यालयं ओस पडत गेली. अशा काळात बी.एड. करणारी पोरं पहिल्या दिवसापासून स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात डोकं घालून बसतात. त्यांना मी दोष देऊ शकत नाही. घरी दोन-तीन एकर कोरडवाहू, सोयाबीनला भाव नाही, बापाने फी कशी भरली ते त्यांना माहीत असतं. पण व्यवस्थेला मी दोष देतो. ज्या माणसाने पुढची तीस वर्षं मुलांच्या विचारापाशी थांबायला शिकायचं, त्याची निवड आपण न थांबण्याच्या कसोटीवर करतो.

इथे लातूर पॅटर्नचा विषय निघणारच, आणि निघायलाही हवा. लातूर-नांदेडच्या शिक्षकांनी सराव, चाचण्या, पुन्हा सराव या रीतीने गावखेड्यातल्या मुलांना वैद्यकीय आणि अभियांत्रिकीच्या दारात नेऊन उभं केलं. ज्या घरात आधी कुणी दहावीपुढे गेलं नव्हतं त्या घरात डॉक्टर झाले. त्या कष्टांबद्दल मला मनापासून आदर आहे. सराव हवाच; पाढे न येणाऱ्या मुलाने अपूर्णांकावर चिंतन करावं असं मी म्हणणार नाही. पण परीक्षा देणाऱ्याची तयारी आणि शिकवणाऱ्याची तयारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परीक्षा देणाऱ्याला उत्तरापर्यंत जाणारी एक वाट पुरते. शिकवणाऱ्याला मुलं जिथे जिथे भरकटतात त्या वाटाही माहीत हव्यात. अध्यापक महाविद्यालयाने शिकवणी वर्गाची रीत उचलली, तर दोन्हीकडचं नुकसान आहे.

उत्तराला मागे वळून पाहण्याची सवय नसली की काय होतं, याचं एक उदाहरण जगभर सांगितलं जातं. १९८३च्या सुमारास अमेरिकेतल्या राष्ट्रीय चाचणीत तेरा वर्षांच्या मुलांना विचारलं होतं: एका बसमध्ये ३६ सैनिक बसतात, ११२८ सैनिकांना किती बस लागतील? भागाकार बहुतेकांनी बरोबर केला. पण २९ टक्के मुलांनी उत्तर लिहिलं ‘३१ बाकी १२’, आणि ३२ असं बरोबर उत्तर फक्त २३ टक्क्यांनी दिलं. बाकीचे बारा सैनिक पायी जाणार का, हे बहुतेकांनी स्वतःला विचारलंच नाही. आपल्याकडे यासाठी परदेशी बस शोधायची गरज नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली, तेव्हा पहिल्या फेरीत १० वाघिणी होत्या, प्रत्येकीत ५० हजार लिटर, एकूण ५ लाख लिटर. २०११च्या जनगणनेत लातूर शहराची लोकसंख्या सुमारे ३ लाख ८० हजार होती. माणशी पाणी किती? सव्वा लिटरच्या किंचित वर. छात्राध्यापक भागाकार करून थांबतात. मग मी म्हणतो, थांबू नका. सव्वा लिटरमध्ये माणसाचं काय होतं? पुढे वाघिणी पन्नास झाल्या, तर साडेसहा लिटर. त्यात काय होतं? या भागाकाराला अर्थ यायचा तर आणखी काय माहीत हवं? टँकर, बोअर, गळती, कुणाच्या गल्लीत नळ आणि कुणाच्या नाही. हंडे घेऊन रांगेत उभ्या राहिलेल्या मुली आज बी.एड.च्या बाकावर आहेत, आणि त्यांना सव्वा लिटर म्हणजे काय हे मला समजावून सांगावं लागत नाही. त्यांनी ते गणिताच्या वहीत कधी आणलेलं नसतं, कारण तिथे त्याला जागा आहे असं त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

या मांडणीवर घेतला जाणारा एक आक्षेप मी गंभीरपणे घेतो. माझे काही सहकारी म्हणतात, आधी विषयज्ञान तर असू द्या. डी.एल.एड.ला, म्हणजे पूर्वीच्या डी.एड.ला, बारावी कला शाखेतून आलेली मुलं असतात. दहावीनंतर त्यांनी गणिताचं पुस्तक उघडलेलं नसतं. त्यांना चिंतन काय सांगता? मला वाटतं गोष्ट उलटी आहे. त्या मुलांना पुन्हा दहावीचं पुस्तक पहिल्यापासून शिकवलं, तर ज्या रीतीने ते एकदा निसटलं त्याच रीतीने पुन्हा निसटेल. पावणेदोन भागिले अर्धा हे त्यांनाही सोडवता येतं, आणि त्यावर तासभर बोलताही येतं. चुका उघड होतात त्या अशा बोलण्यात, आणि दुरुस्तही तिथेच होतात. चीनमधल्या त्या शिक्षकांकडे पदव्या नव्हत्या, हे मी वर सांगितलं ते यासाठीच. उलट बी.एस्सी. झालेल्या मुलांची अडचण कधी कधी मोठी असते: नियम इतका सरावाचा झालेला असतो, की त्यात विचारण्यासारखं काही आहे हेच दिसत नाही.

वेळ नाही, हा दुसरा आक्षेप. तो मी मान्य करत नाही. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४च्या नियमांनुसार २०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचं झालं, शाळेतला कालावधी वीस आठवड्यांवर गेला. वेळ वाढला, पण तो कागदांनी भरून गेला. आता २०२०च्या राष्ट्रीय धोरणाप्रमाणे चार वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम येतो आहे. वर्षं वाढवून हा प्रश्न सुटणार असता, तर एकदा वाढवली तेव्हाच सुटला असता. बऱ्याच विनाअनुदानित महाविद्यालयांत प्राध्यापक पुरेसे नाहीत, काही विद्यार्थी फक्त पाठांपुरते आणि परीक्षेपुरते उगवतात, हेही सगळ्यांना ठाऊक आहे. तिथे कुठल्याच सुधारणेचा उपयोग होणार नाही, आणि त्याची दुरुस्ती तपासणी करणाऱ्या यंत्रणेने करायची आहे. पण जिथे वर्ग भरतात तिथे काय करता येईल, एवढं मी सांगू शकतो.

आठवड्यातून एक तास, एक गणित. शाळेच्या पुस्तकातलंच. वहीच्या पानाची उभी घडी घालायची; डावीकडे गणित, उजवीकडे त्या वेळी मनात काय आलं ते. ‘इथे अडले.’ ‘आधी गुणाकार करावा वाटलं, का ते माहीत नाही.’ ‘उत्तर आलं पण खात्री नाही.’ खोडायचं नाही, खोडरबर बाजूला. मग चौघांच्या गटात ती उजवी बाजू वाचायची. अ‍ॅलन शोएनफेल्ड हे अमेरिकेतले गणित शिक्षणाचे अभ्यासक आपल्या वर्गात गटांमधून फिरत तीन प्रश्न विचारत असत: तुम्ही नेमकं काय करता आहात? ते का करता आहात? त्याचा उत्तरासाठी काय उपयोग होणार आहे? सुरुवातीला मुलं गडबडत. विचारलं जाणार हे कळल्यावर ती आधीच आपसात बोलू लागत. या तीन प्रश्नांना ना स्मार्ट बोर्ड लागतो ना अनुदान.

आंतरवासितेतली रोजनिशी मी अशी मागतो: आज कुठल्या मुलाने कुठलं उत्तर दिलं जे मला अपेक्षित नव्हतं; ते त्याच्या बाजूने कसं बरोबर असू शकतं; मी काय म्हणालो; आता विचारलं तर काय म्हणेन. रोज अर्धं पान, जास्त नको. सुरुवातीला पोरं येऊन सांगतात, ‘सर, आज कुणी चुकलंच नाही.’ असं सांगणाऱ्याच्या वर्गात फळ्यावरच्या उत्तराशिवाय दुसरं काही बोलायला मुलांना वाव मिळाला नव्हता, हे त्यांच्या लक्षात यायला आठ-दहा दिवस लागतात. त्यानंतर येणाऱ्या नोंदी मात्र जपून ठेवण्यासारख्या असतात. सव्वातीनचा प्रश्न मला अशाच एका नोंदीतून मिळाला.

अर्थात जे गुणांत येत नाही ते टिकत नाही. म्हणून वार्षिक पाठाच्या परीक्षेत बदल हवा. आज परीक्षक पाठ बघतात, टाचण बघतात, तक्ते बघतात आणि प्रस्तावनेपासून गृहपाठापर्यंत सगळे टप्पे झाले का ते बघतात. त्याच परीक्षेत पाठानंतर दहा मिनिटं छात्राध्यापकाला त्याच इयत्तेचं एक न पाहिलेलं उदाहरण द्यावं, त्याने ते मोठ्याने विचार करत सोडवावं, आणि मुलं कुठे अडतील हे सांगावं. उत्तर बरोबर येण्याला कमी गुण, विचार उघड करून तो तपासण्याला जास्त. परीक्षकांना याची सवय नाही; त्यांच्यासाठी आधी एक दिवसाची कार्यशाळा ठेवावी लागेल आणि त्यात परीक्षकांनीही आधी स्वतः एक गणित असं उघड सोडवून दाखवावं. बाह्य परीक्षकाने हे न जमणाऱ्या मुलाला नापास करायलाच हवं असं नाही. पण फायलीचं वजन बघून गुण देण्याची रीत तेवढ्याने मोडेल.

हे करायला दिल्लीच्या परवानगीची वाट पाहायची गरज नाही. अभ्यासक्रमाचा सांगाडा आणि कालावधी वरून ठरतो, पण प्रात्यक्षिकाचे गुण कशाला किती द्यायचे हे विद्यापीठाचं अभ्यासमंडळ ठरवतं. छत्रपती संभाजीनगरचं आणि नांदेडचं, अशी दोनच विद्यापीठं मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांतली बी.एड. महाविद्यालयं सांभाळतात. दोन्हीकडच्या अभ्यासमंडळांवर गणित पद्धती शिकवलेले प्राध्यापक आहेत. येत्या वर्षीच्या बैठकीत त्यांनी चिंतनशील रोजनिशीचे गुण गणितावरच्या नोंदींना द्यावेत आणि वार्षिक पाठात ही दहा मिनिटं घालावीत, एवढा एक ठराव त्यांच्यापुढे यायला हवा.